बोटीला चुकीची तार

वेल्डिंगच्या तारेतलं मर्ना ट्रेझाइजला काही कळत नाही, असं कुणी म्हणालं तर आमच्या पोर्ट कॅरिकच्या धक्क्यावरचे सीगलसुद्धा हसतील. माझे केस तांबडे होते तेव्हापासून मी घरामागच्या शेडमध्ये वेल्डिंग करतेय. फाटकं, घोड्यांच्या ट्रॉल्या, नांगर, खेकड्यांच्या जाळ्यांची कडी, चर्चच्या पायऱ्यांचा कठडा, गावात जे तुटतं ते माझ्याकडे येतं. ज्याने तोडलं असेल त्याला आधी मी चार शब्द ऐकवते आणि मग हेल्मेट खाली ओढते.

माझ्या जिभेला हाड नाही, हे मी आधीच सांगून टाकते. चुकीचं काम दिसलं की माझ्याच्याने गप्प बसवत नाही. म्हाताऱ्या बर्टच्या अंत्यविधीला सगळे माना खाली घालून उभे होते आणि मी शवपेटीखालच्या गाडीचा सांधा बघून मोठ्याने म्हणाले, "हे कुणी जोडलंय? बर्ट पडेल ना." बर्ट काही पडला नाही. पण त्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाही.

माझा नवरा रॉस म्हणायचा, "मर्ना, तुला सगळंच ठाऊक असतं, मग या घरात माझं काम काय?" त्याने विचारलं म्हणून मी सांगितलं काय काय काम आहे ते, छताच्या पन्हळीपासून सुरुवात करून. तो पर्थला निघून गेला, अशा बाईबरोबर जी त्याच्या प्रत्येक वाक्यावर डोळे मोठे करून "खरंच?" म्हणते. त्यानंतर एक-दोघांनी माझ्या अंगणात चहा प्यायला, पण पहिल्या कपातच त्यांचा धीर सुटला. मीही मग नाद सोडला. शेड होती, काम होतं, समोर समुद्र होता. बरं चाललं होतं माझं.

आणि मग आमच्या शेतीसामानाच्या दुकानात काउंटरमागे आयव्हर हॉकिंग येऊन उभा राहिला.

त्या गुरुवारी मी फक्त वेल्डिंगच्या गनचं टोक घ्यायला गेले होते. वितळून सांधा भरते ती तार तर मी ॲडलेडहून ट्रकने मागवते, कारण आमच्या दुकानात आजवर जो कुणी बसला त्याला तार म्हणजे कुंपणाची एवढंच माहीत. हा नवा माणूस उंच, थोडा पोक काढून उभा, कानांवर पांढरे केस, आणि शर्टाच्या बाह्या इस्त्री केलेल्या. इस्त्री, आमच्या गावात. वायाला नावाच्या गावी पोलादाच्या कारखान्यात आयुष्य काढून, बायको गेल्यावर बहिणीच्या गावी राहायला आला होता. मी टोक मागितलं. त्याने दिलं नाही. त्याने विचारलं, "काय जोडताय?"

मी म्हणाले, "फाटक."

"कशाचं? किती जाड? शेडमध्ये की बाहेर वाऱ्यात? आणि किती वर्षं टिकायला हवं?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, आणि ते काही गोड नव्हतं. पण तो काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून वाट बघत होता. मी काय जोडतेय हे त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. एवढ्या आयुष्यात मला कुणी एका दमात इतके प्रश्न विचारले नव्हते, आणि विचारून वर थांबलं तर मुळीच नव्हतं. माझं डोकं एकदम हलकं झालं. मी म्हणाले, "साधं लोखंड. शेडमध्येच. जाडी... काय की बाई, करंगळीएवढी असेल."

मग त्याने मला तांब्याचा मुलामा दिलेली साधी तार दाखवली. ही गॅसबरोबर चालते, शेडमध्ये वारा नसतो म्हणून गॅस टिकतो, सांधा स्वच्छ येतो, असं सगळं त्याने सावकाश सांगितलं. हे सगळं मी झोपेतही म्हणून दाखवेन. त्याने रीळ माझ्या हातात दिलं. तारेच्या टोकाची क्लिप सैल होती, ती पडली, मी उचलून परत लावली. आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, "खरंच?"

गाडीत बसल्यावर मी आरशात स्वतःला विचारलं, "मर्ना, तुला लाज वाटते का?" काही वाटत नव्हती. मी घरापर्यंत गात गेले. गनचं टोक काउंटरवरच राहिलं होतं.

पुढच्या गुरुवारी ते आणायला गेले तेव्हा मी एक मोडकी घोड्याची ट्रॉली सोबत नेली होती. म्हणजे बोलण्यात. तो म्हणाला, बाहेर वाऱ्यात काम असेल तर गॅस उडून जातो, सांध्याला भोकं पडतात, तेव्हा तुम्हाला पोटात पावडर भरलेली तार हवी, तिला गॅस लागत नाही. "पण लक्षात ठेवा, ही तार लावली की मशीनच्या आतल्या दोन केबली उलटसुलट करायच्या. लोक तेच विसरतात, मग ठिणग्यांचा चिखल होतो आणि शिव्या आम्हाला बसतात."

"खरंच?" मी म्हणाले. गेल्याच महिन्यात याच कारणावरून मी पीटर्सच्या पोराला असं झापलं होतं की तो ट्रॅक्टरमागे जाऊन बसला होता.

मग स्टेनलेसचं सिंक आलं, लोखंडी पायांवर बसवायचं. आयव्हर म्हणाला, दोन वेगळे धातू जोडायचे तर दोघांनाही झेपेल अशी तार लागते, साधी घेतलीत तर सांधा तडकेल, आणि तीनशे नऊ नंबरची तार काढून दिली. मग बिडाची चूल आली. तो म्हणाला, याला तार नकोच, निकेलची कांडी वापरा. मी सिंक जोडलं नाही की चूल जोडली नाही. माझ्याकडे चूलच नाही. गुरुवारी सकाळी मी केस धुवायला लागले. ओठांना रंग लावला तर पोस्टातल्या बाईने विचारलं, दात दुखतोय का.

माझी मामेबहीण डल्सी बेकरीत पास्ट्या, त्या मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, भाजते आणि गावातल्या सगळ्या बातम्याही तिथेच शिजतात. ती माझ्या शेडमध्ये येऊन फळीवरची रिळं बघत उभी राहिली. एकही उघडलेलं नव्हतं.

"हे काय गं? दुकान टाकतेस?"

"लागतात."

"कशाला? पर्थपर्यंत जोडत जाणारेस?"

"डल्सी, तोंड आवर."

"तो बिचारा तुला शिकवतोय म्हणे. तुला. त्याच्या बहिणीने सांगितलं मला. 'ट्रेझाइजबाईंना हळूहळू जमायला लागलंय' म्हणाला." डल्सी हसून हसून बाकावर आडवी झाली. मग उठून बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "मर्ना, सांगून टाक त्याला."

"सांगितलं की संपलं."

"का संपेल?"

"कारण मग मी मीच होईन ना. आणि मी पहिल्या कपाच्या पुढे कुणाला झेपत नाही."

हे बोलताना माझा आवाज जरा हलला. डल्सीने ते ओळखलं आणि तिच्या पिशवीतली एक पास्टी काढून माझ्या हातात ठेवली. तिची माया अशीच असते. मग लगेच म्हणाली, "ते असू दे. माझी बोट कधी करतेस?"

डल्सीची बोट खरी होती. ॲल्युमिनियमची छोटी बोट, मागच्या कोपऱ्याचा सांधा उकललेला. खेकड्यांचा मोसम सुरू झाला होता आणि डल्सी दर शनिवारी बोट घेऊन पार वाळूच्या दांड्यापलीकडे जाते. म्हणजे या गुरुवारी माझ्याकडे सांगायला खरं काम होतं. मी जवळजवळ उड्या मारतच दुकानात गेले.

"काय जोडताय?" आयव्हरने विचारलं.

"बोट. ॲल्युमिनियमची. समुद्रात जाणारी."

तो मागे गेला, रीळ घेऊन आला, आणि माझ्यासमोर ठेवलं. मी लेबल वाचलं. पुन्हा वाचलं. सिलिकॉनवाली.

आता हे समजून घ्या. ॲल्युमिनियमच्या तारा मुख्य दोन. सिलिकॉनवाली छान वाहते, चकचकीत दिसते, इंजिनाचे ओतीव भाग, सायकली, असल्या कामाला उत्तम. पण बोटीच्या पत्र्याला मॅग्नेशियमवालीच लागते. बोटीला सिलिकॉनवाली मारली तर सांधा दिसतो सुरेख, आणि आतून ठिसूळ. लाटांचे दणके बसत राहिले की एक दिवस तो उघडतो, आणि तो दिवस काही धक्क्याजवळ असताना येत नाही.

माझ्या जिभेवर सगळं येऊन ठेपलं. अख्खं भाषण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी काउंटरची कड धरली. आयव्हर माझ्याकडे बघत होता, कोपरं टेकून, वाट बघत. आणि मी माझ्या जन्मात पहिल्यांदा एक चुकीची तार गिळली.

"खरंच?" मी म्हणाले. आवाज चिमणीसारखा आला.

त्याने रीळ माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "शनिवारी येऊन बघू का, कसं जमलं ते? पहिल्यांदाच ॲल्युमिनियम करताय."

"या की," मी म्हणाले, आणि बाहेर येऊन चुकीच्या गाडीत बसले. मालकाने मला सौम्यपणे उतरवलं.

आता माझी कशी भंबेरी उडाली ते बघा. डल्सीच्या बोटीला त्याची तार लावणं शक्यच नव्हतं. तशी मी लावली असती तर डल्सीने मला बोटीच्या आधी बुडवलं असतं. म्हणून बोट माझ्याकडच्या मॅग्नेशियमवाल्या तारेने जोडायची, आणि त्याला सांगायचं की तुमच्याच तारेने जोडली. पण सांधा नवशिकीने मारल्यासारखा दिसायला हवा होता. मी ठरवलं, वाईट मारायचा.

वाईट मारणं सोपं नसतं. तुम्ही म्हणाल काय त्यात, पण हात ऐकत नाही. मी गन हातात घेतली, मुद्दाम वेडीवाकडी धरली, आणि सांधा सुरू होताच हात आपोआप सरळ झाला. डाव्या हाताने केला. डावाही शिकलेला निघाला. गाणं म्हणत केला, तर गाण्याच्या तालात टाके आणखीच एकसारखे पडले. हेल्मेट वर करून बघितलं तर मागच्या कोपऱ्यात माझ्या आयुष्यातला सगळ्यात देखणा सांधा झाला होता. मी शेडमध्ये एकटीच उभी राहून हसत सुटले आणि हसता हसता रडकुंडीला आले.

शनिवारी सकाळी मी शेडवरची पाटी टेबलक्लॉथने झाकली, कारण तिच्यावर हातभर अक्षरांत 'ट्रेझाइज वेल्डिंग' लिहिलंय. फळीवरच्या रिळांवर पोती टाकली. आयव्हरचं रीळ उघडून थोडी तार काढली, कचऱ्यात टाकली, आणि ते बोटीशेजारी दिसेल असं ठेवलं. डल्सी उलट्या बादलीवर बसली होती. "माझी बोट आहे," ती म्हणाली, "मी कुठे जाणार नाही."

आयव्हर आला. हॅट, इस्त्रीच्या बाह्या, हातात बेकरीची पिशवी. पाटीवरच्या टेबलक्लॉथकडे त्याने पाहिलं, वाऱ्याने त्याचं एक टोक उडत होतं. मग तो बोटीजवळ जाऊन वाकला. बराच वेळ वाकलेला होता. मग सांध्याच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे बघितलं. अंगठा काळा झाला होता. मॅग्नेशियमवाली तार सांध्याच्या बाजूला काजळी धरते. सिलिकॉनवाली धरत नाही. मी सगळं झाकलं आणि काजळी पुसायची विसरले.

"छान जमलंय," तो म्हणाला. "माझीच तार ना?"

"हो."

"नीट चालली?"

"लोण्यासारखी," मी म्हणाले. डल्सीला खोकल्याची उबळ आली.

"बरं झालं." त्याने अंगठा रुमालाला पुसला. "म्हणजे आता मलाही खात्री पटली. काल कॅरावॅन पार्कातला एकजण आला होता, मोठी बोट आहे त्याची, बायको-मुलांना घेऊन आखाताच्या तोंडापर्यंत जाणार म्हणतो. सांधा गेलाय. सोमवारी त्यालाही हीच तार देतो."

बायको-मुलांना घेऊन. आखाताच्या तोंडापर्यंत. तिथे लाटा कशा असतात ते मला माहीत आहे.

मी काय काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. डल्सीला आठवतं, ती अजून बेकरीत नक्कल करून दाखवते. सुरुवात अशी होती, "अरे, तू माणूस आहेस का कोण?" आतापर्यंतचं अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. "बोटीला सिलिकॉनवाली? पोरंबाळं बसणार त्यात. वायालाला काय जन्मभर झाडू मारलास? लेबल वाचता येत नाही तर विचार, आणि विचारायची लाज वाटते तर भाज्या विक. सोमवारी त्या माणसाच्या हातात ते रीळ दिसलं तर मी ते तुझ्या गळ्यात बांधून तुला धक्क्यावरून ढकलीन. आणि हा सांधा माझ्या तारेचा आहे, तुझ्या नाही. तुझी तार ती बघ, कचऱ्यात आहे. ती तिथेच शोभते." मग मी पोती ओढून काढली. "हे बघ. ही तुझी बाकीची रिळं. एकही उघडलेलं नाही. मला शिकवतोस?" टेबलक्लॉथही मी ओढून काढला, कशाला ते माहीत नाही. पाटी उघडी पडली.

मग माझा श्वास संपला.

पत्र्यावर एक सीगल चालत होता, त्याची पावलं ऐकू येत होती. मला वाटलं, संपलं. आता तो हॅट घालेल, आणि कुठल्याही दुकानातला कुणीही मला कधी विचारणार नाही की काय जोडताय. मला इतकं वाईट वाटलं की मी त्याने आणलेल्या पिशवीतली पास्टी काढून हातात धरून उभी राहिले, खायची की नाही ते कळेना.

आयव्हर डल्सीच्या शेजारच्या पिंपावर बसला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. त्याने तोंड वर केलं तर तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाज न करता.

"कॅरावॅन पार्कात कुणी नाही," तो म्हणाला.

"काय?"

"कुणी बोटवाला आलाच नाही. आणि सिलिकॉनवाली मी मुद्दाम दिली. वाटलं, आता तरी बोलशील. तिथे काउंटरची कड धरलीस तेव्हा वाटलं, आता सुटणार तुझं तोंड, आता सुटणार. आणि तू म्हणालीस 'खरंच?'"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या गुरुवारपासून. रिळाची क्लिप पडली, आणि ती जमिनीवर पोचायच्या आत तू अंगठ्याने तारेचं टोक दाबून धरलंस. माझ्याकडे बघत बघत. नवशिका माणूस आधी क्लिप उचलायला जातो, आणि तेवढ्यात अख्खं रीळ उलगडून पायात येतं."

डल्सी म्हणाली, "मग इतके दिवस तिला शिकवत कशाला बसला होतात हो?"

तो हॅटची कड फिरवत राहिला. त्याचे कान लाल झाले होते, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तोही घाबरलेला आहे. "गावात ज्याला त्याला विचारलं," तो म्हणाला, "प्रत्येकजण सांगतो, मर्नाने मला असं झापलं, तसं झापलं. पीटर्सचा पोरगा तर अभिमानाने सांगतो. पाद्रीबाबांनाही ऐकवलंयस. दात काढणाऱ्या डॉक्टरलाही. फक्त मलाच नाही. मला वाटायला लागलं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. मी घरी एकटा असतो, मर्ना. मला कुणी काही ऐकवतच नाही."

मला काही सुचेना. मला. डल्सीने माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने उठून बोटीची दोरी सोडायला गेली, मुकाट्याने असं तिने आयुष्यात कधी काही केलं नव्हतं.

"आणि ती चूल," मी शेवटी म्हणाले.

"तिचं काय?"

"निकेलची कांडी बरोबर सांगितलीस. पण बीड आधी सावकाश तापवायचं, आणि नंतर राखेत पुरून ठेवायचं, सावकाश निवायला, हे सांगितलंच नाहीस. तडकली असती."

"तुझ्याकडे चूल नाही."

"असती तर तडकली असती."

आम्ही बोट ट्रॉलीवर चढवली. ट्रॉलीची कडी मीच जोडलीय, त्याबद्दल त्याने काही बोलू नये असं मी सांगितलं. डल्सी म्हणाली तिला बेकरीत काम आहे, जे खोटं होतं, शनिवारी तिला सुट्टी असते. धक्क्याजवळच्या उतारावरून आम्ही बोट पाण्यात सोडली. सांध्यातून एक थेंब आत आला नाही. मी पुढे बसले, खेकड्यांच्या जाळ्या मधे, तो मागे इंजिनाशी. मी त्याला सांगत होते की सिंकच्या पायांच्या वेळी त्याने पातळ पत्र्याला जास्त करंट सांगितला होता, भोक पडलं असतं. आणि बाह्यांना इस्त्री कोण करतं या गावात. आणि इतके गुरुवार माझं तोंड असं बंद ठेवायला लावलं त्याबद्दल तर मी अजून सुरुवातच केलेली नाही.

वाळूच्या दांड्याशी पोचलो, जाळ्या टाकायची जागा अजून पुढे होती, आणि त्याने इंजिन बंद केलं.

"काय झालं? तेल संपलं?"

"नाही," तो म्हणाला, आणि कोपरं गुडघ्यांवर टेकून पुढे वाकला. "इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं."